त्याला कळतंय का?

२०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयासमोर एकाच बाईची दोन वर्णनं होती. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर त्याच रुग्णालयात ३७ वर्षं खाटेला खिळून होत्या. पिंकी विराणी यांनी दयामरणासाठी केलेल्या याचिकेत म्हटलं होतं की त्यांना कसलीही जाण उरलेली नाही. रुग्णालयाच्या बाजूनं एका डॉक्टरांनी जे प्रतिज्ञापत्र दिलं त्यात मात्र वेगळीच बाई दिसत होती. ती भरवलेलं अन्न घेते, चेहऱ्यावरून दाद देते, काही सांगितलं तर मधूनमधून आवाज काढून उत्तर देते. शौचाला किंवा लघवीला लागलं की एक आवाज करते आणि तो आवाज परिचारिका ओळखतात. दोन्हींचा मेळ बसेना, म्हणून न्यायालयानं मुंबईतल्या तीन नामवंत डॉक्टरांची समिती नेमली. समितीनं लिहिलं की ऐकण्याचे, पाहण्याचे, स्पर्शाचे मेंदूपर्यंत जाणारे प्राथमिक मार्ग शाबूत आहेत, पण जाणीव असल्याचा निश्चित पुरावा तपासणीत आढळला नाही. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणाताई पुढे चार वर्षं जगल्या आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं गेल्या.

या निकालाची आठवण आपल्याकडे दयामरणाच्या वादासाठी निघते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. परिचारिकांना जे दिसत होतं ते खोटं नव्हतं, आणि समितीनं लिहिलं त्यातही खोट नव्हती. परिचारिकांनी तीन पिढ्या त्या खाटेपाशी घालवल्या होत्या. समितीच्या हाती होती ती डॉक्टरी तपासणी: हाक मारायची, वेदना द्यायची, डोळ्यांपुढे वस्तू फिरवायची आणि शरीर काय उत्तर देतं ते टिपायचं. ही पद्धत जगभर चालते आणि ती आवश्यकही आहे. पण तिच्या पोटात एक गृहीत दडलेलं आहे. माणसाला कळलं तर तो काहीतरी हलवेलच, असं ती धरून चालते. ज्याचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचतच नाही, त्याचं काय? ही पुस्तिका त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

नसरापूरला महामार्ग सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की मार्गासनी येते. इथून साखरमार्गे गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला जाता येतं. या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी गडावर निघालेल्या मोटारसायकली असतात आणि रोज कामधंद्यासाठी पुण्याकडे जाणारी भोर-वेल्ह्याची तरुण मुलं. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस आता पूर्वीपेक्षा जास्त वेळा वाचतो. पुण्याच्या अतिदक्षता विभागातून तो सुटतो, पैसे संपतात, आणि एक दिवस नाकातली नळी, लघवीची पिशवी आणि हवेची गादी यांसकट तो घरी येतो. डोळे उघडे असतात. झोपतो, जागा होतो, जांभई देतो. पण हाकेला ओ देत नाही. मग घरात एकच प्रश्न उरतो. आई तो आशाताईला विचारते, भाऊ फिजिओथेरपीवाल्याला विचारतो, भेटायला आलेले पाहुणे ओसरीवर बसून एकमेकांना हळूच विचारतात: त्याला कळतंय का?

वैद्यकशास्त्रालाही हा प्रश्न फार जुना नाही. डोळे मिटलेली गाढ बेशुद्धी सहसा काही आठवड्यांपलीकडे जात नाही; माणूस एकतर दगावतो किंवा डोळे उघडतो. डोळे उघडूनही जाणीव दिसत नाही, या अवस्थेला ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ साली नाव दिलं. २००२ मध्ये ‘किमान जाणीव’ ही वेगळी अवस्था मान्य झाली: असा रुग्ण कधी नजरेनं माणसाचा पाठलाग करतो, कधी सांगितल्यावर बोट हलवतो, आणि पुढच्या तासाला काहीच करत नाही. या दोन अवस्थांत गल्लत किती होते, हे २००९ साली बेल्जियममधल्या एका अभ्यासानं दाखवलं. डॉक्टरांनी एकमतानं ‘जाणीव नाही’ ठरवलेले ४४ रुग्ण ठरावीक मोजपट्टीनं पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतल्या १८ जणांमध्ये जाणिवेच्या खुणा सापडल्या. ही मोजपट्टी म्हणजे ‘कोमा रिकव्हरी स्केल’ची सुधारित आवृत्ती. तिला महागडं यंत्र लागत नाही. शिकलेला माणूस आणि वेळ लागतो. मेंदूशी यंत्रानं बोलण्याच्या गोष्टी ऐकण्याआधी वाचकानं ४४ पैकी १८ हा आकडा लक्षात ठेवावा.

आता यंत्राकडे येऊ. २००६ साली केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी रस्ते अपघातानंतर पाच महिने प्रतिसादहीन असलेल्या २३ वर्षांच्या एका स्त्रीला एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतो आहे ते दाखवणाऱ्या यंत्रात, ठेवलं. तिला सांगितलं, तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. नंतर सांगितलं, आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरते आहेस अशी कल्पना कर. पहिल्या वेळी मेंदूचा हालचालींची आखणी करणारा भाग उजळला, दुसऱ्या वेळी जागा आणि वाटा ओळखणारे भाग. निरोगी माणसांमध्ये नेमकं हेच होतं. नुसता शब्द ऐकून क्षणभर काही उमटणं वेगळं. ही स्त्री सांगितल्यापासून थांबवेपर्यंत, अर्धा अर्धा मिनिट, ती कल्पना मनात धरून होती. बाहेरून पाहणाऱ्याला तिचा हात, पाय, पापणी काहीच हलताना दिसलं नसतं.

पुढची पायरी उघड होती. टेनिस म्हणजे ‘हो’, घर म्हणजे ‘नाही’ असं ठरवायचं आणि प्रश्न विचारायचा. २०१० मध्ये केंब्रिज आणि बेल्जियममधल्या लीएज इथल्या संशोधकांनी ५४ रुग्ण तपासले. पाच जणांना अशी कल्पना मनात आणता आली, आणि त्यांतल्या एकानं आपल्या घरच्यांविषयीच्या सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. सहाव्या प्रश्नाला चुकीचं उत्तर आलं नाही, काहीच आलं नाही. २०१२ साली कॅनडात बारा वर्षं बेशुद्ध मानल्या गेलेल्या एका माणसाला ओवेन यांनी विचारलं, तुला वेदना होतात का? उत्तर आलं, नाही. बारा वर्षं त्याच्या घरचे रोज ज्या शंकेनं झुरले असतील, तिचा निकाल त्या एका उत्तरानं लागला. या सगळ्या संशोधनातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण हाच.

एफएमआरआय मात्र मार्गासनीच्या घरात येणार नाही. ते यंत्र जागेवरून हलत नाही आणि त्यात रुग्णाला निश्चल ठेवावं लागतं. घरापर्यंत येण्यासारखी गोष्ट ईईजी. मेंदूतल्या पेशींच्या कामाचा विद्युत आवाज कवटीबाहेर अगदी क्षीण, मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याइतका, पोचतो. येना इथल्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली तो माणसाच्या डोक्यावरून प्रथम नोंदवला. संगणकानं हा आवाज वाचून माणसाचा हेतू ओळखावा, ही कल्पना लॉस एंजेलिसच्या जाक विदाल यांनी १९७३ साली मांडली, म्हणजे अरुणाताई ज्या वर्षी मूक झाल्या त्याच वर्षी. आज यासाठी मुख्यतः दोन वाटा वापरतात. पहिलीत रुग्णाला उजवी मूठ आवळण्याची किंवा पायाची बोटं हलवण्याची कल्पना करायला सांगतात. नुसत्या कल्पनेनंही मेंदूच्या त्या त्या भागावरची लय मंदावते आणि संगणक तो फरक ओळखायला शिकतो. दुसरी वाट मला जास्त सोपी वाटते. दोन्ही मनगटांवर कंप पावणारी छोटी बटणं बांधतात. एका बाजूला कंप वारंवार येतो, दुसऱ्या बाजूला क्वचित. रुग्णाला सांगायचं, क्वचित येणारे कंप मोज. लक्ष देणाऱ्या मेंदूत अशा प्रत्येक कंपानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी एक लाट उमटते. लक्ष न देणाऱ्यात ती उमटत नाही किंवा फार बारीक असते. मग ‘हो’साठी उजव्या मनगटाकडे लक्ष दे, ‘नाही’साठी डाव्या, असं सांगून बोलणं सुरू करता येतं. ज्याची नजर स्थिर राहत नाही त्याला पडद्यावरून अक्षरं निवडण्याची पद्धत निरुपयोगी. कान आणि त्वचा मात्र बहुधा उपलब्ध असतात.

अरुणाताईंच्या निकालाच्याच वर्षी, २०११ च्या अखेरीस, ‘लॅन्सेट’मध्ये ईईजीचा असा एक अभ्यास आला. सोळा प्रतिसादहीन रुग्णांपैकी तिघे हुकमाप्रमाणे कल्पना करताना दिसले. २०१३ मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटानं त्या गणितावर आक्षेप घेतला: रुग्णांच्या डोक्यावरचे स्नायूंचे खोटे संकेत आणि आकडेमोडीची पद्धत पाहता तो निष्कर्ष टिकत नाही. हे भांडण मी मुद्दाम सांगतो आहे. ज्या विषयात घरच्यांची आशा इतकी कोवळी असते, त्या विषयात शास्त्रज्ञांनी एकमेकांना निर्दयपणे तपासलंच पाहिजे. २०११ च्या त्या मूळ अभ्यासातली आणखी एक नोंद कमी लोकांच्या लक्षात राहिली. तुलनेसाठी घेतलेल्या बारा निरोगी, जाग्या, समजदार माणसांपैकी तिघांचा संकेत यंत्राला पकडता आला नव्हता.

त्यानंतरचे अभ्यास मोठे आहेत. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या यान क्लासेन यांच्या गटानं मेंदूला नुकतीच इजा झालेल्या १०४ प्रतिसादहीन रुग्णांची ईईजी पाहिली. १६ जणांत हुकूम समजल्याची खूण मिळाली. वर्षभरानंतर त्यांतले ४४ टक्के दिवसाचे काही तास स्वतःचं स्वतः करू शकत होते. ज्यांच्यात खूण मिळाली नव्हती त्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. २०२४ मध्ये सहा केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात, हुकमाला कसलाही दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जण, म्हणजे चौघांत एक, मनातल्या मनात सांगितलेलं करत होते. हा आकडा वर्तमानपत्रांत गाजला. पण त्याच अभ्यासात असे ११२ जण होते जे खाटेवर सांगितल्यावर खरोखर हालचाल करत होते, आणि यंत्रावर त्यांतल्या फक्त ४३ जणांचा संकेत मिळाला. म्हणजे डोळ्यांदेखत हुकूम पाळणाऱ्या निम्म्याहून अधिक माणसांना यंत्रानं ओळखलं नाही.

म्हणून या पुस्तिकेतली एक गोष्ट कोणीही विसरू नये. यंत्राचा ‘हो’ हा मोठा पुरावा आहे. यंत्राचं मौन हा कसलाच पुरावा नाही. रुग्ण त्या वेळी झोपेत असेल, फिटवरच्या औषधांनी गुंगीत असेल, तापात असेल. अपघातानंतर डोक्यात पाणी साठून मेंदू दबलेला असेल, आणि ते तर उपचारानं सुधारतं. त्याचं ऐकणं गेलं असेल. भाषा समजण्याचा भागच जखमी असेल. तेव्हा हुकूम कळणार नाही, पण आईचा हात कळेल. अशा घरी ‘रिपोर्ट नॉर्मल नाही, आता काही उपयोग नाही’ एवढंच सांगून हात झटकणं अन्याय आहे.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात आणखी पुढे जातो. टेनिस ही कल्पना केंब्रिजला सुचली, कारण तिथे ती सर्वांना ठाऊक होती. वेल्ह्याच्या बाईला टेनिस सांगून काय होणार? तिला सांगावं, पावसात चिखलात वाकून भात लावते आहेस, एकेक रोप रोवते आहेस. गड्याला सांगावं, गुंजवण्यातून राजगडाची चोर दरवाजाची वाट चढतो आहेस. जी हालचाल शरीरानं हजार वेळा केलेली असते तिची कल्पना मेंदू जास्त ठामपणे धरतो. आणि सूचना मराठीतच हव्यात, रुग्णाच्या सवयीच्या बोलीत, शक्यतो घरच्याच आवाजात. एका अक्षरापुढे दुसरं अक्षर निवडून शब्द लिहिण्याचं यंत्र लॅरी फारवेल आणि इमॅन्युएल डोंचिन यांनी १९८८ मध्ये इंग्रजीसाठी केलं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आल्या की पाटी भरून जाते आणि प्रत्येक अक्षराला वेळ लागतो. रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत घनश्याम क्षीरसागर आणि नरेंद्र लोंढे यांनी देवनागरी पाटीसाठी संगणकाची अचूकता वाढवण्याचं काम केलं, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. अशा कामाला मराठी मुलुखातल्या रुग्णालयांची आणि भाषातज्ज्ञांची जोड मिळायला हवी.

खोट्या बोलण्यापासूनही जपायला हवं. २००९ साली बेल्जियममधला एक रुग्ण २३ वर्षांनी बोलू लागल्याची बातमी जगभर झाली. मदतनीस त्याचा हात धरून पडद्यावर अक्षरं दाबत असे. पुढे त्याच्याच डॉक्टरांनी साधी परीक्षा घेतली: मदतनीस बाहेर असताना रुग्णाला वस्तू दाखवली आणि मग काय पाहिलं ते विचारलं. उत्तर आलं नाही. शब्द मदतनिसाचे होते, आणि तिलाही ते बहुधा ठाऊक नव्हतं. स्वतःच्याच शरीरात पूर्ण जखडलेल्या रुग्णांशी बोलल्याचे काही गाजलेले शोधनिबंधही २०१९ मध्ये मागे घ्यावे लागले. त्याच संशोधकांनी पुढे मेंदूत बसवलेल्या सूक्ष्म सुयांच्या आधारे एका रुग्णाला अक्षरं निवडता आल्याचं २०२२ मध्ये दाखवलं. मिनिटाला साधारण एक अक्षर, इतकी ती गती. कोणी तुमच्या घरी येऊन ‘आमच्या मशिनवर पेशंट बोलतो’ म्हणाला, तर एकच अट घाला: ज्या प्रश्नाचं उत्तर फक्त घरच्यांना ठाऊक आहे, यंत्र चालवणाऱ्याला नाही, तो विचारा, आणि पुन्हा पुन्हा विचारा.

पुण्याला या विषयाचा एक कटू अनुभव आहे. २००८ साली पुण्याच्या न्यायालयानं एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या विद्युत नोंदींचा आधार घेऊन जन्मठेप सुनावली. आरोपी गप्प बसली होती. तिच्यापुढे वाक्यं वाचली गेली आणि घटना ‘अनुभवल्याची’ खूण मेंदूत सापडते असा दावा करण्यात आला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात अशा चाचण्या संमतीशिवाय करण्यास मनाई केली. बेशुद्ध रुग्णाची संमती आधी घेता येत नाही, हे खरं. पण दोन कामांतला फरक मूळचा आहे. एकात माणसानं न सांगितलेलं काढून घ्यायचं असतं. दुसऱ्यात त्याला सांगायचं आहे ते सांगायला वाट करून द्यायची असते. मनगटावरचे कंप मोजायचे की नाही, हे रुग्णच ठरवतो. उत्तर न देण्याचा त्याचा हक्क तिथे शाबूत राहतो आणि राहिलाच पाहिजे. ‘जगायचं आहे का’ असा प्रश्न अशा हो-नाही यंत्रावर, एका दुपारी, भोवती गर्दी करून विचारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी विचारावं, दुखतंय का? कुशीवर वळवू का? रेडिओ लावू का? ही विचारपूस महिनोन्‌महिने टिकली, उत्तरं स्थिर आली, तर पुढच्या प्रश्नांचा विचार डॉक्टर आणि घरच्यांनी मिळून करावा.

पुनर्वसनाचा अर्थही इथे बदलतो. ज्याला कळतं आहे त्याच्या खाटेपाशी त्याच्याविषयी ‘हा’ म्हणून बोलायचं नसतं, त्याच्याशी बोलायचं असतं. सांधे हलवण्याआधी सांगायचं, आता हात वर घेतो. नळी बदलण्याआधी सांगायचं. अमॅन्टाडीन हे जुनं, स्वस्त औषध डोक्याच्या इजेनंतरची सुधारणा वेगानं घडवतं, असं २०१२ साली १८४ रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं. ते द्यायचं की नाही ते मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील, पण विचारण्याचा हक्क घरच्यांचा आहे. केईएमच्या परिचारिकांनी अरुणाताईंना इतक्या वर्षांत शय्याव्रण होऊ दिले नाहीत. यंत्रानं कधी उत्तर यायचं असेल तर त्यासाठी आधी रुग्ण जिवंत, स्वच्छ, वेदनामुक्त आणि जागा असावा लागतो, आणि ते काम माणसांचं आहे.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर एक वही करा. रोज तो सर्वांत जागा कधी असतो ते लिहा. त्याच्या चेहऱ्यापुढे आरसा धरून हळूहळू डावीउजवीकडे न्या आणि नजर मागे येते का पाहा. दुसऱ्या कुठल्याही वस्तूपेक्षा स्वतःचा चेहरा नजर जास्त ओढतो. एकच सोपी सूचना द्या, अंगठा हलव, आणि उत्तरासाठी सावकाश दहापर्यंत मोजा. घाई करू नका, चौघांनी एकदम बोलू नका. जे दिसेल ते, आणि जे दिसणार नाही तेही, तारखेसह टिपा. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ठरावीक मोजपट्टीनं तपासणी मागा, एकदा नव्हे, दोन आठवड्यांत निदान पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी. पुण्यातल्या ज्या रुग्णालयांत ईईजी आहे तिथल्या तज्ज्ञांना विचारा की हुकूम देऊन ईईजी घेता येईल का. एका घरानं विचारलं तर नकार मिळेल. भोर-वेल्ह्यातल्या वीस घरांनी विचारलं, तर कुठल्यातरी विभागाला ही सोय सुरू करावी लागेल.

मार्गासनी, जि. पुणे